एका वर्षात दोन गणपती

२०२३ साली आमच्या वाडीत गणपती दोनदा आला. एका घरात २० ऑगस्टला, बाकी सगळ्यांकडे १९ सप्टेंबरला. वर्ष तेच, चतुर्थी मात्र दोन. ते पहिलं घर टिळक पंचांग मानणारं. कोकणात अशी घरं विखरून आहेत. पाच-पंचवीस घरांच्या वाडीत एखादंच असतं, आणि काही वर्षांनी एकदा असा घोळ झाला की अख्ख्या वाडीला त्याचा पत्ता लागतो.

घोळ पहिल्यांदा कळतो गणपतीच्या शाळेत. शाळा म्हणजे मूर्ती घडवतात ती. तिथे मे महिन्यापासून लोकांचे पाट येऊन पडलेले असतात, प्रत्येकाच्या मागे खडूने नाहीतर ऑइलपेंटने घराचं नाव. मूर्तिकार सगळ्यांची माती एकदमच काढतो, सगळ्यांना पांढरा हात एकदम देतो, आणि डोळे शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षी एका गणपतीचे डोळे महिनाभर आधी लिहावे लागले. त्याच्या भोवतीचे सगळे अजून कच्च्या मातीचे, आणि मधे हा एकटा पीतांबर नेसून, सोंडेवर सोनेरी रंग घेऊन तयार. "ह्यांचा साहेब अर्जंट," असं म्हणून मूर्तिकार हसला.

माटवीला कवंडळं मिळाली नाहीत, तेरड्याला जेमतेम कळ्या धरल्या होत्या. भजनाला बाऱ्या जमेनात, कारण भजनी मंडळातले निम्मे मुंबईला, आणि त्यांची रजा सप्टेंबरची. गंमत पुढेच आहे. दीड दिवसाचा गणपती २१ तारखेला निघाला, तो दिवस बाकी वाडीची नागपंचमी. इकडे नागाला दूध-लाह्या, तिकडे "पुढच्या वर्षी लवकर या". काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, याहून लवकर म्हणजे आषाढात बोलावताय की काय?"

एकाच आकाशाखाली हे कसं होतं? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी पडणारा अकरा दिवसांचा फरक साचला की साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालायचा, म्हणजे सण ऋतूंना धरून राहतात. जावयाला धोंडे खायला मिळतात तो हा महिना. तो कुठे घालायचा याचा नियम सोपा आहे: एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्याने राशीच बदलली नाही, तर तो महिना अधिक. २०२३ मध्ये १७ जुलैला अमावास्या झाली, पुढची १६ ऑगस्टला. आणि रूढ पंचांगांप्रमाणे सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. एका दिवसाने हुकला. मधल्या महिन्याला संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशीबदल, मिळाली नाही, म्हणून तो अधिक श्रावण ठरला.

पण टिळक पंचांगात राशी जिथून मोजायला सुरुवात करतात ती जागाच वेगळी. त्यांचा आरंभ रेवती नक्षत्राच्या ठरलेल्या ताऱ्यापाशी (योगतारा म्हणतात तो), इतरांचा चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर. दोन आरंभांत साधारण चार अंश, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवस. त्यांचा सूर्य १३ ऑगस्टलाच सिंहेत शिरला होता. महिन्याला संक्रांत मिळाली, अधिक महिना झालाच नाही, आणि १६ ऑगस्टच्या अमावास्येनंतर त्यांचा थेट भाद्रपद लागला. पुढे कधीतरी तिकडेही अधिक महिना पडतो आणि दोन्ही पंचांगं परत एका रांगेत येतात. तोवर शेजाऱ्याने शेजाऱ्याला मोदक द्यायचे आणि गप्प बसायचं.

या भांडणातली सगळी पात्रं आमच्याच किनाऱ्यावरची आहेत, याचा मला मनातून अभिमान वाटतो. बांधावरून तीन पिढ्या दावा चालवणारी माणसं आम्ही. भाऊबंदकी आकाशापर्यंत नेली तर नवल नाही. चारशे वर्षं ज्या ग्रंथावरून महाराष्ट्रात पंचांगं झाली तो 'ग्रहलाघव' लिहिला गणेश दैवज्ञाने, शके १४४२ च्या, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास. गाव नांदगाव, मुरूड-जंजिऱ्याजवळचं. त्याने ज्या (आजच्या भाषेत साइन) आणि चाप यांचं अवघड गणित टाळून ग्रहांची स्थानं काढायच्या रीती बसवल्या. गावोगावच्या जोशीबुवांना पाटीवर गणित करता येऊ लागलं. माझ्या मते कालगणनेतली ही फार मोठी सुधारणा. आकाश तेच ठेवलं, हिशोब सोपा केला.

सोप्या हिशोबात बारीक चूक राहते आणि ती साठत जाते. साडेतीनशे वर्षांनी पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह एका जागी दिसेनात. तेव्हा पुढे आले केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५, गाव अलिबागजवळचं नागाव. नांदगाव आणि नागाव एकाच जिल्ह्यात, एकाच समुद्रावर, मधे तासाभराचा रस्ता. केरूनानांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली आणि युरोपातल्या ताज्या गणितावरून १८६५ पासून नवं पंचांग सुरू केलं. पटवर्धनी पंचांग म्हणतात ते हे. रेवतीचा आरंभ त्यातलाच. डेक्कन कॉलेजात केरूनानांच्या हाताखाली शिकलेले टिळक, रत्नागिरीत जन्मलेले, त्यांनी ती बाजू उचलून धरली. पंचांग शुद्ध करायच्या परिषदा झाल्या, ठराव झाले, आणि लोक आपापल्या जोशीबुवांकडे परत गेले.

तिसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, दापोलीच्या मुरूडचे. (दापोलीचं मुरूड वेगळं, जंजिऱ्याचं वेगळं, पर्यटक गुगलवर बघून भलत्याच मुरूडला उतरतात, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं.) पेशाने शिक्षक. १८९६ साली छापलेला त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आजही कोणी ओलांडून पुढे जात नाही. दीक्षितांचं म्हणणं या दोघांहून वेगळं. ते सायनवादी, म्हणजे वर्ष ताऱ्यांवरून नव्हे, ऋतूंवरून मोजा म्हणणारे. तारा कुठलीही धरा, ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं असतं. सत्तर-एकाहत्तर वर्षांनी एक दिवस सरकतो. विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले, ती १२ जानेवारीला होती; आपण लहानपणापासून १४ म्हणत आलो, आता कित्येकदा १५ असते. खरं उत्तरायण २२ डिसेंबरच्या आसपासच सुरू होऊन जातं. असंच चाललं तर शिमगा भर पावसात यायला सात-आठ हजार वर्षं पुरतील. तोवर मुंबई-गोवा रस्ता पुरा झालेला असेल, त्यामुळे लोक निदान वेळेवर पोचतील.

दीक्षितांचं गणित बरोबर होतं, आणि त्यांच्यामागे साठ वर्षांनी सरकारनेही ते मान्य केलं. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. तेव्हा देशात तीसेक प्रकारची पंचांगं चालत होती. अहवाल १९५५ चा, अंमल २२ मार्च १९५७ पासून: त्या दिवशी १ चैत्र १८७९. वर्ष विषुवाला सुरू होतं, चैत्र तीस दिवसांचा, लीप वर्षी एकतीसचा, पुढचे पाच महिने एकतीसचे, उरलेले तीसचे. इतकं सरळ कॅलेंडर जगात थोडीच असतील. पूर्ण सायन, ऋतूंना घट्ट बांधलेलं. धार्मिक सण मात्र समितीने चंद्रावर आणि चित्रेच्या बाजूच्या आरंभावरच ठेवले, म्हणजे रेवती तिथेही हरली.

आणि हे राष्ट्रीय कॅलेंडर कुठे आहे? राजपत्राच्या मथळ्यावर आहे. आकाशवाणीच्या निवेदनात आहे. लहानपणी सकाळी बातम्यांआधी "भारतीय सौर" हे शब्द रोज कानावर पडायचे आणि चहात बटर बुडवण्यापलीकडे त्यांचा कुणावर परिणाम व्हायचा नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक हट्टाने चेकवर शके तारीख घालत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे असा चेक घ्यावाच लागतो, ते परिपत्रकाची झेरॉक्स खिशात घेऊन जात. काउंटरवरची मुलगी चेक उलटासुलटा करून बघायची, मग आतल्या साहेबांना दाखवायची, मग मागची रांग कुरकुरायची. तत्त्वाने गुरुजी दर वेळी जिंकायचे. पण गावात दुसऱ्या कुणी तसा चेक लिहिल्याचं ऐकिवात नाही.

वर सांगितलेला २० ऑगस्ट घ्या. टिळकवाल्यांकडे भाद्रपद शुद्ध चतुर्थी. शेजाऱ्याकडे निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या, श्रावणाची शुद्ध चतुर्थी. सरकारकडे २९ श्रावण. तिघांत सर्वांत शास्त्रशुद्ध तारीख तिसरी, आणि त्या तारखेसाठी म्हणून अख्ख्या वाडीत कुणी काहीही केलं नाही. साहांच्या कॅलेंडरचं दुखणं मला इथे दिसतं. त्याच्यावर कुणाचं काम अडलेलं नाही. त्याने पगार होत नाही, उपास होत नाही, होडी सुटत नाही.

होडीचं म्हणाल तर ती तिथीवर सुटते. भरतीची वेळ काढायची रीत हर्णै-बुरोंडीच्या बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र एका तिथीला बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं मागे पडतो, म्हणजे जुन्या मापाने दोन घटका. पाऊण तासाच्या हिशोबात दर तिथीला तीन मिनिटं गळतात आणि पौर्णिमेपर्यंत पाऊण तास कमी भरतो. बाराच्या जागी सव्वाअकरा. ती तूट बंदरावरचा माणूस मनातच भरून काढतो, कागद लागत नाही. पंचमीला दीड दिवसाचे गणपती निघतात तेव्हा पावणेचारला भरती पुरी झालेली असते आणि उतरत्या पाण्यात मूर्ती आत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहाटेची ओहोटी लांबवर हटते, खडप उघडं पडतं, आणि बायका कोयत्या घेऊन कालवं काढायला निघतात. अष्टमीच्या भांगाला तिकडे कुणी फिरकत नाही, कारण पाणी धड वरही येत नाही आणि खालीही जात नाही. इथे रेवती की चित्रा हा वाद पोचतच नाही. तारखेवरून हे काढायचं तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक हवं. तिथीवरून काढायला रात्री मान वर केली तरी पुरे.

म्हणून मासेमारीच्या बंदीत सरकारने तिथी काढून तारीख घातली तेव्हा मला ती खरी कॅलेंडर सुधारणा वाटली होती, साहांच्या समितीपेक्षा मोठी. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जूनला लागायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांत जे आधी येईल त्या दिवशी उठायची. एकाच नियमात एक टोक चंद्राचं आणि एक स्वातंत्र्यदिनाचं! ज्याने तो मसुदा लिहिला त्याला माझा नमस्कार. नंतर पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, असं ठरलं. गुजरातचा ट्रॉलर आणि हर्णैची होडी एकाच दिवशी समुद्रात, हा त्यामागचा हिशोब, आणि तो चुकीचा नाही. तारखेशिवाय पाच राज्यं एका नियमात बसणार कशी?

पण नारळी पौर्णिमा कधी ३ ऑगस्टला येते, कधी, २०२३ सारखी अधिक महिना झाल्यावर, ३० ऑगस्टला. १ तारखेला बंदी उठते आणि समुद्र अजून खवळलेलाच. मोठ्या इंजिनाचे लोक निघतात, लहान होडीवाले नारळ वाहिल्याशिवाय निघत नाहीत. बंदरावर या विषयावर बोलणं काढून बघा, दोन चहा होतात. "दर्या काय जीआर वाचतो?" हे एका म्हाताऱ्या तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, वाक्य. त्याला मुलाने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "दर्या नाय वाचत, पण बँकेचा हप्ता तारखेलाच जातो ना, बाबा." मला दोघंही पटले.

बाहेरच्या जगातल्या सुधारणा वाचतानाही मी हेच शोधत बसतो, की कुणाचं काय अडलं होतं. पोप ग्रेगरीचं अडलं होतं ईस्टरवर. ज्युलियन वर्ष खऱ्या वर्षाहून अकरा मिनिटांनी मोठं, १२८ वर्षांत एक दिवस. म्हणून १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. दहा तारखा गेल्या, वार तुटला नाही. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये वारच मोडून दहा दिवसांचा आठवडा केला. दहा दिवसांनी एक सुटी, कोण ऐकणार? १८०६ च्या १ जानेवारीला जुनं कॅलेंडर परत आलं. आठवड्याला हात लावलेला कुणी टिकलेला दिसत नाही. आमच्याकडेही आठवड्याच्या बाजाराचा वार बदलायचा ठराव आणून बघावा एखाद्या ग्रामपंचायतीने.

पोपच्या त्या दहा तारखा मात्र कोकणात येऊन एक गंमत करून गेल्या. पोर्तुगिजांनी नवं कॅलेंडर लगेच घेतलं. प्रोटेस्टंट इंग्रज हटून बसले, ते १७५२ पर्यंत. त्यामुळे वसई आणि रेवदंड्यात एक तारीख, आणि मधल्या मुंबईत दहा दिवस मागची. गलबत रेवदंड्याहून मुंबईला आलं की पोचण्याची तारीख निघण्याच्या आधीची! मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती त्या जुन्या इंग्रजी मोजणीतली तारीख. त्याच दिवशी रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात १६ जून होता. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीखही जुनीच. आजच्या कॅलेंडरात ती १ मार्च होते. तारीख की तिथी यावरून दर वर्षी जे गळे काढले जातात, त्यात तारखेच्या बाजूचे लोक ज्या तारखेसाठी भांडतात ती इंग्लंडनेसुद्धा टाकून दिलेली आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ मात्र तेव्हा रायगडावर होती, ती तशीच्या तशी आजही काढता येते. या एका वादात मी सरळ तिथीच्या बाजूचा.

त्या काळच्या कागदांत तर तिसरीच मोजणी: शुहूर सन, आकडे अरबी शब्दांत. इहिदे सबैन अलफ म्हणजे १०७१, त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन. आणि हे वर्ष सुरू व्हायचं सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. वसुलीचं वर्ष पावसाबरोबर सुरू करावं हे ज्याला सुचलं त्याला शेती कळत होती. मार्चअखेर आंब्याला अजून पैसा सुटलेला नसताना आर्थिक वर्ष संपवणाऱ्यांबद्दल बागायतदार काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यांवर तोड काढली पुन्हा एका कोकण्याने, मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी. १९७३ साली 'कालनिर्णय' आलं. त्यांनी वर्ष बदललं नाही, महिना बदलला नाही, आरंभाचा तारा कुठला यात नवी फळी उभारली नाही. एका चौकोनात मोठी तारीख, खाली बारीक तिथी, नक्षत्र, चंद्रोदय, मुसलमानी महिना, पारशी महिना, सगळं एकत्र बसवलं आणि जोशीबुवांच्या पोथीतलं पंचांग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आणलं. चौकोनात जागा उरली तिथे दुधाचा हिशोब. गणेश दैवज्ञानंतर हिशोब सोपा करण्याचं काम मराठीत इतक्या बेमालूमपणे दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी दिसत नाही. साहांकडे शास्त्र होतं आणि सरकार होतं. साळगावकरांकडे खिळा होता.

चाकरमान्यांचं सगळं वर्ष त्या खिळ्याला टांगलेलं. चतुर्थीवर बोट ठेवायचं आणि मागे मोजत जायचं. पूर्वी १२० दिवस, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. त्या सकाळी आठ वाजता कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन उघडतं आणि आठ वाजून काही मिनिटांनी वेटिंग लागतं. तिथीवरून तारीख, तारखेवरून तिकीट. आमच्या त्या टिळक पंचांगवाल्यांना त्या वर्षी २० ऑगस्टसाठी कन्फर्म तिकीट अगदी सहज मिळालं, एवढा एक फायदा त्यांनी भजनी मंडळाला महिनाभर ऐकवला.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीपुढे मात्र कालनिर्णयचाही इलाज चालत नाही. मालवण तालुक्यातल्या या जत्रेला लाखोंनी लोक येतात, आणि तिला तिथीही नाही, तारीखही नाही. गावकरी रानात शिकारीला जातात, मग देवीला कौल लावतात, आणि देवी दिवस देते. तोपर्यंत पुढच्या वर्षाची कॅलेंडरं छापून घराघरांत गेलेली असतात. कौल झाला की पहिला मेसेज आंगणेवाडीतून मुंबईला सुटतो, दुसऱ्या मिनिटाला गिरगाव, लालबाग, डोंबिवलीच्या ग्रुपांवर तो फिरायला लागतो, आणि कोकण रेल्वेच्या त्या दिवसाच्या गाड्या भरू लागतात. आमची आतेबहीण अशा वेळी फोन करून आधी देवीने कुठला वार दिला ते विचारते. शनिवार-रविवार असेल तर रजा वाचते. सोमवार-मंगळवार असेल तर ती ऑफिसात काय कारण सांगायचं याच्या तयारीला लागते.